डोंग्यात उभा असलेला माणूस

“पण मास्तर, शेवट दाखवायचाच नाही, तर लोकांनी घरी जाताना न्यायचं काय?”

सारंगचा आवाज चढला होता. अंगणात येऊन त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. पायांतले बूट तसेच होते. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, आतून पाणी विचारलं, तेही त्यानं नको म्हटलं. नागपूरहून गाडी हाणत तो आला होता, तो काही पाणी प्यायला नव्हे.

हरकरे मास्तर ओट्यावर मान खाली घालून बसले होते. पुढ्यात पळसाच्या पानांचा ढीग. एक पान उचलायचं, देठ खुडायचा, पुढचं पान उचलायचं.

“मास्तर, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय ना.”

“ऐकताय कुठं? पानं मोडताय.”

“पानं हातानं मोडतोय. कान तुझ्याचकडे आहेत.”

आता असे शांत बसले म्हणून कुणी मठातला बाबा डोळ्यांपुढं आणू नका. दाढी नाही, माळ नाही. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. या माणसानं तीस वर्षं मुंबईत लोकांचे सिनेमे कापले आणि जोडले. मोठमोठे दिग्दर्शक त्यांच्या टेबलाशी येऊन शाळकरी पोरांसारखे उभे राहत. मास्तर सिनेमा बघत, कात्री खाली ठेवत आणि म्हणत, “इथं थांबा.” बस्स, एवढंच. बहुतेक वेळा त्याच्या पुढं दिग्दर्शकानं आणखी पंधरा मिनिटं हौसेनं काढून आणलेली असत. मग रुसवे, मग भांडण. शेवटी मास्तर म्हणत तिथंच सिनेमा थांबे.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांना टेबलावरच एक फोन आला. हातातलं काम तसंच टाकून ते वैनगंगेच्या काठच्या या आपल्या गावी आले, ते परत म्हणून गेले नाहीत.

एकुलता एक मुलगा, शिरीष, वय एकोणीस, आईजवळ गावीच राहायचा. घाटावर त्याची सायकल सापडली. पहिल्या पायरीवर चपला. पलीकडे जाणारा डोंगा, उतारूंची लाकडी होडी, नुकताच सुटून गेलेला. आदल्या दिवशी फोनवर बापलेकांचं वाजलं होतं. बुडाला म्हणावं तर प्रेत नाही, पळाला म्हणावं तर चिठ्ठी नाही. गावानं महिनाभर दोन्ही बाजूंनी चर्चा केली आणि नाद सोडला.

काकूंनी सोडला नाही.

“आज मला तो सुरतेला दिसला हो,” वत्सलाकाकू सकाळी चहा गाळता गाळता सांगत. “साड्यांच्या दुकानात आहे. केस मागं गेलेत बाप्पा त्याचे.” दुसऱ्या दिवशी तो भुसावळला असे. एकदा तर त्यांनी त्याला थेट आसामात नेऊन त्याचं लग्न लावून दिलं होतं आणि सून तांदळाची पेज बरी करते म्हणाल्या होत्या. दर दिवाळीला त्याच्यासाठी एक सदरा घेत. दुकानदाराला सांगत, “औंदा एक नंबर मोठा द्या. पोट सुटलं असेल.”

त्या खुळ्या नव्हत्या. तो नदीतही असू शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सुरत, भुसावळ, आसाम तशी ती नदी. यादीतलं एक ठिकाण. बारा वर्षं झाली तेव्हा नातेवाईक भटजींना घेऊन आले, आता विधी उरकून टाका म्हणाले. काकूंनी भटजींना चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवून आल्या.

या घरात सारंगनं दोन वर्षं काढली. मागच्या खोलीत झोपला, काकूंच्या हातचं जेवला, मास्तरांकडून जोडकाम शिकला. बुद्धीनं तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे जगाला कधी एकदा कळतं अशी घाई. सगळं दिलं देवानं, फक्त थांबणं दिलं नाही. पहिला सिनेमा करायचं ठरलं तेव्हा त्याला दुसरीकडं कुठं शोधायला जायची गरजच नव्हती. गोष्ट ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

काकूंना विचारायला तो घाबरला होता. काकूच म्हणाल्या, “कर की रे. गावोगाव लागेल. कोण्या गावी तोही तिकीट काढून पाहील.” आणि आत जाऊन शिरीषचा एक जुना सदरा घेऊन आल्या. निळा, चौकड्यांचा. “तुझ्या नटाला होतो का पाहा.”

सिनेमा मास्तरांनीच जोडून दिला. चांगला झाला. खोटं कशाला बोला, फार चांगला झाला. तयार झाल्यावर सारंगनं तो पहिल्यांदा इथंच, याच घरात, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून दाखवला. शेवटच्या दृश्यात सकाळचं धुकं. आई घाटावर बसलेली. पलीकडून डोंगा येतोय. डोंगेवाल्याखेरीज त्यात एक माणूस उभा आहे. चेहरा दिसत नाही. आई उठते. संपलं.

काकू टाळी वाजवून म्हणाल्या, “शिरीषच आहे तो! उभं राहायची ढब पाहा.”

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “नाही हो, पोस्टमन असेल.” तिसऱ्या दिवशी पुन्हा शिरीष. मास्तर म्हणत, “असेलही.” हो-नाही, हो-नाही करत त्या महिनाभर इतक्या खुशीत होत्या की शेजारणी विचारायला लागल्या, काय झालं म्हणून.

मास्तरांनी सारंगला एवढंच सांगितलं होतं, “आता हात लावू नकोस.”

त्यानं लावला.

नागपुरात निवडक लोकांसाठी एक खेळ ठेवला होता. संपल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि मोठ्यानं म्हणाले, “साहेब, पोरगा मेला का वाचला तेवढं सांगून टाका, माझी बस चुकून राहिली.” सगळं थिएटर हसलं. ते हसू सारंगच्या फार आत जाऊन रुतलं. निर्मात्याचंही तेच म्हणणं पडलं. महिन्याभरात त्यांनी घाटावर जाऊन आणखी चार मिनिटं काढली.

डोंगा काठाला लागतो. उभा असलेला माणूस हवालदार निघतो. त्याच्या पायाशी ताडपत्री. ताडपत्रीतून निळ्या चौकड्यांची एक बाही बाहेर आलेली. आईचा हंबरडा. मग नुसती नदी.

हे मास्तरांना सांगितलं नाही, काकूंना तर नाहीच. तालुक्याच्या थिएटरात पहिला जाहीर खेळ झाला तेव्हा काकूंना पहिल्या रांगेत बसवून अंगावर शाल घातली. सारंग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला होता, “शेवटी एक सरप्राइज आहे, काकू.”

थिएटर ढसाढसा रडलं. मग उभं राहून टाळ्या. काकू रडल्या नाहीत. रिक्षातून घरी येताना फक्त म्हणाल्या, “बाही शिवायची राहिली होती त्याची.” सारंगला हे कुठून कळणार? तो फोटो काढून घेत होता.

पंधरा दिवसांनी त्याला मास्तरांचं कार्ड आलं. त्यावर चार शब्द. “माझं नाव काढून टाक.”

आणि शुक्रवारी सिनेमा सगळ्या महाराष्ट्रात लागायचा होता. जाहिरातीत सारंगनं स्वतःच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत मास्तरांचं नाव घातलं होतं. हरकऱ्यांचा चेला म्हटलं की या धंद्यात माणसं खुर्ची देतात. ते नाव गेलं तर लोक विचारणार, का गेलं? म्हणून तो धावत आला होता. आणि आणखी एक कारण होतं, ते त्यानं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. सगळं जग चांगलं म्हणत असताना या एका म्हाताऱ्यानं म्हटलं नव्हतं.

“बोला ना, मास्तर. काय चुकलं?”

“काही नाही.”

“मग नाव का काढायचं?”

मास्तरांनी एक देठ खुडला.

“चार मिनिटं मी जोडलेली नाहीत. जे जोडलं नाही त्याच्यावर नाव कशाला?”

“म्हणजे शेवटच आवडला नाही. सरळ सांगा की. मला एक कळत नाही, मास्तर. लोकांना दोन तास बसवायचं, रडवायचं, आणि ऐन वेळेला सांगायचं की आम्हाला ठाऊक नाही? ही कसली कला? ही पळवाट झाली. ज्याला उत्तर सुचत नाही तो असा धुक्यात सिनेमा संपवतो. मला उत्तर सुचलं. मी दिलं. हिंमत लागते त्याला.”

“तुला प्रश्न झेपला नाही.”

“अं?”

“झेपला नाही तुला. एका माणसाची बस चुकत होती, त्याच्या नावावर खपवू नकोस.”

सारंगच्या कानशिलांवर लाली आली. तो काहीतरी कडक बोलणार होता. पण समोर हात चालूच होते, पान, देठ, पान, देठ, आणि असल्या माणसाशी उभ्यानं भांडता येत नाही. त्यानं बूट काढले. मास्तरांसमोर मांडी घातली. जुन्या सवयीनं ढिगातून पानं उचलून तोही देठ खुडायला लागला. हात चालू असला की मास्तर बोलतात, एवढं तो दोन वर्षांत शिकला होता.

खुडलेली पानं त्यानं आपल्या गुडघ्याशी एकावर एक नीट रचली. देठ अंगणात भिरकावले.

“जेवणावळ आहे वाटतं? पत्रावळी विकत मिळतात की, मास्तर. कितीची तयारी?”

“तीनशे साठ.”

“बाप रे. काय आहे एवढं?”

मास्तर उठले. अंगणात गेले. वाकून सारंगनं फेकलेले देठ एकेक करून वेचले, धोतराला पुसले आणि परत आले. मग सारंगच्या गुडघ्याजवळची पानांची चळत उचलली आणि ओट्याखाली सोडून दिली.

“पानं नकोत,” ते म्हणाले. “देठ हवेत.”

“देठांचं काय करायचं?”

…

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सारंग त्यांच्या तोंडाकडं बघायला जरा बिचकला. पण त्या शांत होत्या. केस चापून बांधलेले, पदर नीट खोचलेला. सारं कसं जागच्या जागी.

“काहून रे, पाणी नको म्हणाला? घे, चहा तरी घे.”

“काकू, तुम्ही रागावल्या नाहीत ना माझ्यावर?”

“रागावू कशाला? बरं केलंस बाबा, दाखवलंस ते. मी आपली येड्यासारखी सुरत नि भुसावळ करत बसले होते. एकवीस वर्षं. सांग बरं कोणी.” त्या किंचित हसल्या. “आता कसं, माहीत आहे.”

कप ठेवून त्या आत गेल्या.

सारंगच्या छातीवरचा दगडच उतरला. त्यानं चहाचा मोठा घोट घेतला आणि आवाज खाली आणून, पण आनंद न लपवता म्हणाला, “बघा! ऐकलंत ना? मोकळ्या झाल्या काकू. तुम्ही मला नावं ठेवताय आणि ज्यांची गोष्ट आहे त्या मला धन्यवाद देताहेत.”

“मोकळी झाली खरी.”

“मग?”

“सदरे वाटून टाकले तिनं. एकवीस होते. एकही अंगाला न लागलेला. घाटावरचे डोंगेवाले घालून हिंडतात. मी नदीवर जायचं सोडलंय.”

सारंगनं कप खाली ठेवला.

“रात्री झोपेत बोलायची,” मास्तर म्हणाले. “त्याच्याशी. आसामातल्या सुनेशीसुद्धा. आता गप्प झोपते. मी विचारलं, का गं? म्हणाली, डोळे मिटले की ती चार मिनिटं लागतात हो. डोंगा, ताडपत्री, बाही. संपली की परत पहिल्यापासून. दुसरं काही आणू म्हटलं तर येतच नाही.”

“मास्तर…”

“भुसावळचं स्टेशन मोठं होतं रे फार. त्यावर माझी बायको एकवीस वर्षं जगली. तुझ्या ताडपत्रीखाली सगळं मावलं.”

…

मास्तरांनी खुडलेल्या देठांतून एक मूठ घेतली, टोकं जुळवली आणि दोरा गुंडाळायला लागले. बोटं सराईत. फीत जोडताना चालत तशीच चालत होती. एक लांबट जुडी झाली. तिच्या टोकाला त्यांनी दुसरी जुडी बांधली, थोडी बारीक. ती जराशी वाकवली. मग तिच्या टोकाला पाच देठ सुटे सुटे लावले.

सारंग बघत होता. कोपर कळलं. मग बोटं कळली.



“हा हात,” मास्तर म्हणाले आणि तो सारंगच्या समोर ठेवला. “अंग सापडलं नाही की असं करतात. पळसाचं माणूस करायचं आणि जाळायचं. भटजी म्हणाले, उद्या घाटावर मीच बांधतो. मी म्हटलं, नको. जोडकाम माझं.”

“काकू… काकूंनी सांगितलं हे करायला?”

“तिनंच. थिएटरातून आल्याच्या आठव्या दिवशी. भटजींकडे स्वतः गेली. बाराव्या वर्षी त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं, त्याची माफीपण मागून आली.”

सारंगच्या मांडीवर अजून एक पान पडलं होतं. ते त्याला झटकता येईना. एवढा वेळ आपण काय खुडत होतो, हे त्याच्या बोटांना आता कळत होतं.

“मी काढून टाकतो, मास्तर,” तो घाईघाईनं म्हणाला. “आजच. आत्ता फोन लावतो. शुक्रवारच्या आत होतं ते. निर्माता बोंबलेल, बोंबलू दे. पहिला शेवट परत लावतो. काकूंना पुन्हा दाखवू. तो माणूस डोंग्यात उभा आहे, आई उठते आणि संपलं. पुन्हा तसंच.”

“काढ की.”

“खरंच काढतो.”

“पडद्यावरून काढशील. तिनं हवालदाराचं तोंड पाहिलंय. आता तू धुकं दाखव नाहीतर आणखी काही दाखव, डोंग्यात तोच उभा राहणार.”

सारंगचे डोळे भरून आले. खोटं कशाला म्हणा, खरेच भरून आले. पण तल्लख माणसाचं असं असतं की रडतानाही त्याचं डोकं सुटकेची वाट शोधत असतं. त्यालाही सापडली.

“मास्तर, पण सिनेमाच आहे हो तो! मी टेबलाशी बसून रचलेला. मी हवालदार केला, तिथं कुणी शिरीषचा मित्रही केला असता. मला काय माहीत त्याचं काय झालं? तुम्हाला काय माहीत? कुणालाच माहीत नाही. काकूंना एवढं तुम्ही समजावून सांगू शकत नाही? की हे खोटं आहे, सारंगच्या डोक्यातलं आहे?”

मास्तरांचे हात पहिल्यांदा थांबले.

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. आत खलबत्त्याचा आवाज चालू होता. त्यांनी आणखी थोडा वेळ तो ऐकला.

“ते मला सांगता येत नाही,” ते हळू म्हणाले.

“का?”

“ते खरं आहे म्हणून.”

…

“काय खरं आहे?”

“तो गेल्याच्या सोळाव्या दिवशी मला खालच्या एका ठाण्यातून निरोप आला. इथून साठ किलोमीटर. नदी तिथं वळते. मी एकटाच गेलो. हिला सांगितलं, फोटो द्यायला चाललोय.” मास्तर थांबले. “चेहरा नव्हता राहिला. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती त्याची, जन्मापासून. त्यावरून ओळखला. तिथंच काठावर दहन केलं. दोन शिपाई होते आणि लाकडं आणून देणारा एक म्हातारा. राख तिथंच सोडली.”

सारंगची नजर समोरच्या पळसाच्या हातावर गेली.

“सांगणारच होतो तिला. बसमध्ये सगळं जुळवत आलो, कुठून सुरुवात करायची, काय गाळायचं. घरी आलो तर ही फाटकात उभी. तोंड असं उजळलेलं. म्हणाली, अहो, भुसावळ स्टेशनवर एकानं पाहिला म्हणे त्याला, भजी खात होता. मी चप्पल काढली. म्हटलं, उद्या सांगू.”

“आणि?”

“आणि काय? दुसऱ्या दिवशी तो सुरतेला गेला.”

आत खलबत्ता थांबला. पुन्हा सुरू झाला.

“जन्मभर लोकांना म्हणत आलो, इथं थांबा. घरात एकदाच म्हटलं. तेही मनात.” मास्तरांनी पुन्हा देठांची मूठ उचलली. “उद्या त्याच नदीवर मी त्याला दुसऱ्यांदा जाळणार. आणि ती बाजूला उभी राहून म्हणेल, आता तरी त्याला गती मिळेल. मी हो म्हणेन.”

सारंग गप्प बसला होता. तो गप्पच बसला असता तर किती बरं झालं असतं! पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी यायला लागलं. आधी भुवया उंचावल्या. मग डोळ्यांतलं पाणी सुकलं. आपण रचलेलं खरं निघालं. आपण टेबलाशी बसून, कुणी न सांगता, नेमका हवालदार आणला. त्या मागच्या रांगेतल्या माणसाला दिलेलं उत्तर खरं होतं. ही गोष्ट त्याच्या अंगभर पसरत गेली. त्याला ती अडवायची होती, असं आपण त्याच्या बाजूनं म्हणू या. पण ती अडली नाही.

“म्हणजे, मास्तर…” तो पुटपुटला. “म्हणजे मी बरोबर होतो.”

मास्तरांनी वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सारंगला सोसला असता. दोन वर्षं या माणसाला आपण जोडायला शिकवलं, एवढंच त्या नजरेत होतं.

त्यांनी राहिलेल्या जुड्या भराभर बांधल्या. दुसरा हात झाला. पाय झाले. छातीला त्यांनी दोरा दोनदा फिरवला. ओट्यावर, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, एकोणीस वर्षांच्या पोराएवढं एक माणूस मानेपर्यंत तयार झालं. डाव्या पायाच्या टोकाशी मास्तर थोडे थांबले, आणि दोन देठ त्यांनी एकात बांधले.

सारंगनं ते पाहिलं. तोंड फिरवलं.

खलबत्त्याचा आवाज थांबला. काकू दारात आल्या. त्यांच्या हातात सोललेला नारळ होता, शेंडी ठेवलेला, नुकताच धुतलेला. त्यातून पाणी ठिबकत होतं. ओट्यावर जे होतं त्याच्याकडं त्यांनी एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. डाव्या पायाशी त्यांची नजर अडली.

मग त्यांनी नारळ मास्तरांपुढं धरला.

“घ्या. डोक्याच्या जागी हा लावायचा म्हणालेत भटजी.”

मास्तरांनी हात पुढं केला नाही. ते सारंगकडं बघत होते. सारंग उठू लागला, बूट चाचपडू लागला, गाडीची किल्ली कुठं ठेवली ते आठवू लागला.

“बस,” मास्तर म्हणाले.

तो बसला.

“बरोबर होतास ना? मग घे तिच्या हातातनं. डोकं तू लाव.”